जळकं ऑइल

मोटरसायकलचं ऑइल घरी बदललं असं सांगितलं की पुण्यात पहिला प्रश्न ठरलेला, "किती वाचले?" खरं सांगायचं तर काहीच नाही. ऑइलचा डबा सगळ्यांना त्याच भावात मिळतो. वाचते ती मजुरी, आणि ती १७ नंबरचा रिंग पाना, नरसाळं आणि ऑइल झेलायला एक पसरट टब यातच संपते. वर खिशाला चाट बसते ती वेगळीच. (नरसाळं स्वयंपाकघरातलं नव्हतं, हे आईच्या माहितीसाठी. ती हे वाचते.)

म्हणजे मुद्दा पैशाचा नाही. माझं मत असं आहे की ज्याच्याकडे मोटरसायकल आहे त्याने एकदा तरी तिचं ऑइल स्वतः बदलावं. एकदाच. मग खुशाल गॅरेजला जावं. मीही जाणार आहे.

तसं बघितलं तर काम अर्ध्या तासाचं. माझी जुनी स्प्लेंडर, १०० सीसी. इंजिन थोडा वेळ चालू ठेवून बंद करायचं, म्हणजे ऑइल पातळ होतं आणि त्याच्याबरोबर घाणही निघते. फार तापू द्यायचं नाही, हात भाजतो. गाडी डबल स्टँडवर, खाली टब, इंजिनच्या तळाचा नट खोलायचा, काळी धार थांबली की नट परत बसवायचा आणि वरून नवं ऑइल ओतायचं. माझ्या गाडीला साधारण ९०० मिली लागतं. संपलं.

पण त्या नटापाशी सगळी मेख आहे. त्याचं तोंड जमिनीकडे असतं, त्यामुळे वरून वाकून पाना लावला की डावं-उजवं उलटंपालटं वाटायला लागतं. शिवाय नट लोखंडी आणि इंजिनचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं. नको तेवढा जोर लावला की आटे गेलेच! कमी लावला तर ऑइल ठिबकतं. किती घट्ट ते पुस्तकात आकड्यात लिहिलेलं असतं, पण ते कळायला लागतं मनगटाला. मी दोन मिनिटं नुसता पाना धरून बसलो होतो. गॅरेजमधला मुलगा हा अंदाज दिवसातून कितीतरी वेळा घेतो, आणि आपण बाजूला उभं राहून मोबाइल बघत "झालं का रे?" विचारत असतो.

डब्यावरची अक्षरंसुद्धा आयुष्यात पहिल्यांदा वाचली. १०डब्ल्यू-३० मधला डब्ल्यू म्हणजे विंटर. पहिला आकडा थंडीत ऑइल कसं वाहतं त्याचा, दुसरा तापलेल्या इंजिनात ते किती दाट राहतं त्याचा. त्याखाली 'जासो एमए' असं लिहिलेलं असतं, ते जास्त महत्त्वाचं. बहुतेक मोटरसायकलींमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच हे तिघंही एकाच ऑइलात बुडलेले असतात. कारच्या काही ऑइलांमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती इंजिनाला चालतात, पण क्लचचं पोट घर्षणावरच आहे, तो घसरायला लागतो. आणि ऑइल काळं पडलं म्हणजे लगेच वाया गेलं असंही नाही. घाण अंगावर घेणं हे त्याचं कामच आहे. ते काळं होतं म्हणून इंजिन स्वच्छ राहतं.

आता जरा नाजूक मुद्दा. मी पार्किंगमध्ये गुडघ्यावर बसलेला असताना शेजारचे काका म्हणाले, "काय हो, गॅरेज काढलंत की काय?" आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, यासाठी का इंजिनिअर केला तुला?" दोघांचाही हेतू वाईट नाही. पण आमच्यासारख्या घरांत काळे हात ही न शिकलेल्याची खूण मानतात. काम डोक्याचं असलं तर आपलं, हाताचं असलं तर दुसऱ्या कुणाचं. ही वाटणी कुठून आली हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे, बोलत नाही एवढंच. खंडेनवमीला हत्यारांची पूजा करायची, दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ घालायची, आणि वर्षभर ती हत्यारं ज्याच्या हातात असतात त्याच्याशी दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करायची. मी ती कित्येक वर्षं केली आहे. आता जीभ रेटणार नाही.

आमचे दाजी म्हणतात, "सगळेच असं करायला लागले तर मेकॅनिकने खायचं काय?" प्रश्न बरोबर आहे, म्हणून तर 'एकदाच' म्हटलं. मेकॅनिककडे आपण खरं तर त्याच्या कानासाठी जातो. गाडी फाटकातून आत येतानाच तो सांगतो, टॅपेट वाजतोय, चेन सैल आहे. ते मला सात जन्मांत जमणार नाही. पण नट एकदा स्वतः फिरवला की त्याच्या त्या कानाची किंमत कळते, आणि बिलातली मजुरीची ओळ वाचताना कपाळाला आठी पडत नाही.

आणि हो, नवं ऑइल ओतलं की काम संपत नाही. टबात लिटरभर जळकं ऑइल उरतं. गावाकडे ते वाळवी लागू नये म्हणून लाकडाला फासतात, बांधकामावर सेंट्रिंगच्या प्लेटांना लावतात. गटारात मात्र ओतू नये, जमिनीतही नाही. कायद्याने तो घातक कचरा आहे. २०१६ च्या नियमांत तसं आहेच, आणि १ एप्रिल २०२४ पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवून विकणाऱ्या कंपन्यांवरही टाकली आहे. इतकी वर्षं गाडी चालवली, पण आपण असं काही मागे ठेवतो हे कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं. गॅरेजमध्ये ते कुणीतरी उचलायचं, आपण पैसे देऊन निघायचो.

मी ते रिकाम्या डब्यात भरून नेहमीच्या गॅरेजवर नेलं. त्यांच्याकडे पिंप असतं, गोळा करणारे येऊन घेऊन जातात. मेकॅनिकने डबा घेतला, माझ्या नखांकडे बघितलं आणि म्हणाला, "वॉशर नवा टाकलात ना साहेब?" टाकला होता. मग म्हणाला, "दोन दिवस सकाळी गाडीखाली बघत जा, थेंब दिसतोय का." इतक्या वर्षांत तो माझ्याशी फक्त बिलाचा आकडा आणि "संध्याकाळी या" एवढंच बोलला होता.

असो. कुणाला करून बघायचं असेल तर १७ नंबरचा पाना माझ्याकडे आहे. न्या, फक्त आठवणीने परत आणून द्या.