सही केलेली बॅट परत आली तर

घरात आजोबांच्या वेळची क्रिकेटपटूंच्या सह्यांची वही असेल, क्लबच्या कार्यक्रमात एखाद्या कसोटीपटूने सही करून दिलेली बॅट असेल आणि ती तुम्ही ऑनलाइन विकायला काढणार असाल, किंवा असा माल गोळा करून विकणं हाच तुमचा धंदा असेल, तर ही विनंती तुम्हाला आहे. आज ना उद्या एखादं गिऱ्हाईक वस्तू परत घ्या म्हणणार आहे. त्या दिवशी काय करायचं, हे वस्तू विकायला काढण्याआधीच ठरवून ठेवा. गिऱ्हाइकाने शंका काढली म्हणजे त्याने तुमच्यावर चोरीचा आळ घेतला, असं मनात आणू नका.

शर्ट परत आला तर घडी घालून दुसऱ्याला विकता येतो. सहीच्या मालाचं तसं नाही. मेरठला बनलेल्या दोन सारख्या बॅटींपैकी एकीवर सुनील गावस्करांची सही असली, तर तिची किंमत कित्येक पटींनी वाढते आणि ती सगळी वाढ शाईच्या एका ओळीची असते. ती ओळ खरी आहे, या तुमच्या शब्दावर समोरच्याने पैसे मोजलेले असतात. तो शब्द तपासून पाहण्याचा त्याला पूर्ण हक्क आहे.

आणि शंका घेण्याजोगं या बाजारात खूप घडलेलं आहे. अमेरिकेत एफबीआयने 1990 च्या दशकात सॅन डिएगोमधून ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम चालवली. खोट्या सह्या करणारी एक टोळीच हाती लागली. बेसबॉलपटूंच्या सह्या तर त्यांनी केल्याच, पण मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा त्या मालात निघाले. सहीबरोबर खरेपणाची खोटी सर्टिफिकेटंही तयार होत होती, ही त्यातली सर्वांत गंभीर गोष्ट. म्हणजे ‘सर्टिफिकेट आहे’ एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. ते कोणी दिलं आणि कशावरून दिलं, हे सांगता आलं पाहिजे. या प्रकरणानंतर 2001 मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःची पद्धत सुरू केली. सही होताना किंवा चेंडू मैदानाबाहेर येताना तिऱ्हाईत माणूस समोर हजर असतो, जागच्या जागी वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लावतो आणि तो क्रमांक कोणालाही ऑनलाइन तपासता येतो. पुरावा सही होते त्या क्षणी तयार करायचा, हे त्यातून घेण्यासारखं आहे. तुम्ही स्वतः सही घेत असाल तर खेळाडूच्या हातात पेन आणि पेनाखाली वस्तू, असा फोटो काढा. खेळाडूशेजारी उभं राहून काढलेला सेल्फी त्या कामाचा नाही.

आपल्याकडे परत येणाऱ्या मालात मुद्दाम केलेल्या खोट्या सह्यांबरोबर गैरसमजाचाही वाटा असतो. दुकानात मिळणाऱ्या कितीतरी बॅटींवर खेळाडूची सही कारखान्यातच छापलेली असते. स्मृतिचिन्ह म्हणून मिळणाऱ्या छोट्या बॅटींवर आणि संघाच्या फोटोंवरही तशाच सह्या असतात. विकणारा भाबडेपणाने ‘सहीची बॅट’ लिहितो, घेणाऱ्याला ती हाताने केलेली वाटते. भिंग घेऊन बघा. छापील सहीत बहुधा बारीक ठिपके दिसतात किंवा शाई सगळीकडे एकसारखी सपाट असते. हाताने केलेल्या सहीत पेन टेकलं तिथे, वळलं तिथे, उचललं तिथे शाईचा जाडपणा बदलतो. पेन धरून सही उतरवणारी यंत्रंही असतात. त्यांच्या दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या तर तंतोतंत जुळतात, आणि माणसाच्या हाताला ते जमत नाही. शंका उरली तर ‘छापील सही असावी’ असं लिहून कमी किमतीत विका.

म्हणून सगळा भर वर्णनावर द्या. सही हाताने केलेली की छापील, कोणत्या पेनाची, कुठे आणि कधी घेतली, तुम्ही स्वतः घेतली की कोणाकडून विकत घेतली, हे साध्या मराठीत आणि साध्या इंग्रजीत लिहा. शाई फिकी झाली असेल, बॅटीच्या टोकाला चीर असेल, चेंडूचा रंग उडाला असेल, तर त्याचाच जवळून फोटो लावा. फोटोत दोष झाकणारा पिवळा दिवा नको, दिवसाचा उजेड हवा. मार्करची सही उन्हात फिकी पडते, तेव्हा वस्तू थेट उजेडात टांगू नये, ही सूचना चिठ्ठीवर लिहून पार्सलमध्येच घाला. सहा महिन्यांनी ‘सही उडाली, पैसे परत द्या’ असं भांडण उभं राहण्यापेक्षा ही चिठ्ठी बरी.

कायद्याचंही नीट समजून घ्या. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम भारतात 2020 पासून लागू आहेत. वस्तू बनावट किंवा सदोष असेल, किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखी नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे देण्यास नकार देता येत नाही. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही आपल्या दुकानांतली जुनी पाटी इथे उपयोगाची नाही. घरातली एखादी वस्तू खाजगीरीत्या एकदाच विकणाऱ्याला हे नियम लागू नाहीत, धंदा म्हणून विकणाऱ्याला आहेत. पण जाणूनबुजून खोटी सही खरी म्हणून विकली तर ती फसवणूकच, मग विकणारा कोणीही असो. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे गिऱ्हाईक स्वतः राहतं तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतं. सांगलीच्या विक्रेत्याला गुवाहाटीची नोटीस येऊ शकते.

‘मन बदललं’ म्हणून आलेला माल परत घ्यायची सक्ती मात्र आपल्या कायद्यात सरसकट नाही. तिथे तुम्ही किंवा तुमच्या प्लॅटफॉर्मने जे जाहीर केलं असेल ते बांधून ठेवतं. तेव्हा आधीच लिहा: अमुक दिवसांत, वस्तू मूळ स्थितीत, परतीचा खर्च गिऱ्हाइकाकडे. परदेशी विकत असाल तर तिथले नियम वेगळे. ब्रिटनमध्ये व्यापाऱ्याकडून ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक वस्तूंची खरेदी, वस्तू मिळाल्यापासून 14 दिवसांत, कारण न देता रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ईबेवर तुम्ही ‘परत घेत नाही’ असं लिहिलं, तरी वर्णनासारखी वस्तू नसल्याची तक्रार गिऱ्हाईक 30 दिवसांत करू शकतं, आणि ती खरी ठरली तर परतीचा खर्चही तुमच्याच माथी येतो. त्या तक्रारीला वेळेत उत्तर दिलं नाही तर निर्णय तुमच्या हातून जातो.

पार्सल बांधण्याआधीचा अर्धा तास सर्वांत मोलाचा आहे. इंग्लिश विलोच्या प्रत्येक बॅटीचे ग्रेन्स, म्हणजे लाकडातल्या रेघा, अंगठ्याच्या ठशासारखे वेगळे असतात. पात्याचा पुढून, मागून, दोन्ही कडांनी फोटो काढा. चेंडूची शिवण आणि त्यावर सहीची जागा टिपा. जर्सीच्या आतल्या लेबलाचा फोटो घ्या. होलोग्राम असेल तर त्याचा क्रमांक वाचता येईल असा. मग वस्तू, डबा, सील आणि कुरिअरचं लेबल एकाच सलग व्हिडिओत येऊ द्या. परत आलेली वस्तू तुमचीच आहे की बदललेली, हे ठरवायला याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही. सहीवर थेट बबल रॅप लावू नका, शाईवर ओरखडे उठतात. आधी आम्लविरहित पातळ कागद ठेवा. फ्रेमला काचेऐवजी ॲक्रिलिक बसवलं तर ‘फुटून आली’ ही तक्रारच कमी होते. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. किमतीच्या मालाचा विमा घ्या, कारण विम्याशिवाय कुरिअरकडून मिळणारी भरपाई सहसा वस्तूच्या किमतीजवळही जात नाही. असा माल कॅश ऑन डिलिव्हरीने पाठवूच नका. दारातून नाकारलेलं पार्सल चार गोदामं फिरून परत येतं आणि मधल्या मध्ये कोणी काय हाताळलं हे कळत नाही.

परतीचा निरोप आला की त्याच दिवशी उत्तर द्या, आणि लेखी द्या. पहिलं वाक्य वादाचं नको. ‘तुमची शंका कळली. नेमकं काय खटकलं ते फोटोसह सांगाल का?’ एवढं पुरे. फोनवर आवाज चढतात, आणि पुढे दाखवायला काही उरत नाही.

फुटलेला माल असेल तर फोटो पाहून विम्याचा दावा लावा. गिऱ्हाइकाला दाव्याच्या निकालापर्यंत ताटकळत ठेवू नका. सहीबद्दल शंका असेल तर मी म्हणेन, परत घ्या, पूर्ण पैसे द्या, परतीचा खर्चही तुम्ही करा. सही खरी असल्याची तुमची खात्री असली तरी. पीएसए, जेएसए, बेकेट यांसारख्या अमेरिकेतल्या नामांकित पारखी संस्था जे देतात तेही शेवटी जाणकारांचं मत असतं. एकाने होकार दिलेली सही दुसरा नाकारू शकतो. क्रिकेटच्या सह्यांबाबत आपल्याकडे अशी सोय आणखी कमी. शंकेने भिंतीवर टांगलेली बॅट त्या माणसाला कधीच आनंद देणार नाही, आणि तुमच्याकडे पुरावा असेल तर ती बॅट दुसरं गिऱ्हाईक घेईल.

वस्तू परत आली की पार्सल व्हिडिओ चालू ठेवूनच उघडा आणि आधीच्या फोटोंशी ताडून बघा. ग्रेन्स जुळत नसतील, सहीचं वळण वेगळं असेल, तर तेव्हा मात्र नमतं घेऊ नका. प्लॅटफॉर्मकडे दोन्ही व्हिडिओंसह तक्रार नोंदवा, रक्कम मोठी असेल तर पोलिसांकडे जा. पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत करा. कार्डाने घेतलेल्या वस्तूचा परतावा ‘भावाच्या यूपीआयवर टाका’ असं कोणी म्हणालं तर ठाम नाही म्हणा. नंतर कार्डाच्या बँकेकडूनही तीच रक्कम मागितली जाऊ शकते. आणि परताव्याच्या नावाखाली क्यूआर कोड स्कॅन करायला, पिन टाकायला सांगितलं तर तिथेच थांबा. पैसे मिळण्यासाठी पिन कधीच लागत नाही. फसलात तर लगेच सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन करा.

आता राहिलं ते परत आलेल्या वस्तूचं. ती जशीच्या तशी पुन्हा विकायला लावू नका. शंका का आली होती ते तपासा, शक्य असेल तर जाणत्याला दाखवा, आणि तपासणीत काय निघालं ते पुढच्या वर्णनात लिहा. सही खोटी निघाली तर ती वस्तू बाजारातून कायमची काढा: बॅटीवर पुसता न येणाऱ्या शाईने ‘खोटी सही’ असं लिहून टाका, म्हणजे तुमच्या पश्चात घरातलं कोणी अजाणतेपणी विकणार नाही. ज्याच्याकडून घेतली त्याला लेखी कळवून पैसे मागा. आणि त्याच माणसाकडून घेतलेल्या लॉटमधल्या इतर वस्तू ज्यांना ज्यांना विकल्या, त्यांना त्यांनी विचारण्याआधी स्वतःहून कळवा आणि वस्तू परत घेण्याची तयारी दाखवा. पैशाने हे जड जाईल, म्हणूनच एका माणसाकडून एकदम मोठा लॉट उचलू नका. दोन-तीन वस्तू घ्या, तपासून घ्या, मग पुढचं बोला.