नकाशा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे

उत्तर सरहद्दीचा विषय निघाला कीं सुशिक्षित घरांतूनही हल्लीं एकच प्रकार पाहावयास मिळतो. कोणीतरी एकोणिसाव्या शतकांतील एखादा जुना नकाशा पुढें करतो, त्यावरील रेषेवर बोट ठेवितो आणि विजयी मुद्रेनें विचारतो, "हा घ्या पुरावा! आतां बोलावयाचें काय राहिलें?" आमचें म्हणणें असें कीं बोलावयाचें तें सर्व येथूनच सुरू होतें, आणि ज्यांस तें बोलणें नकोसें वाटतें, ते देशाच्या पक्षाचें बळ वाढवीत नाहींत, उलट कमी करितात.

नकाशावरील शाई मोठी फसवी असते. मोजणीदारानें स्वतः तुडविलेली वाट, दूरच्या शिखरावरून त्यानें अदमासानें टिपलेली डोंगरांची ओळ, आणि राजधानींत बसलेल्या अधिकाऱ्यास हवीशी वाटलेली हद्द, या तिन्ही गोष्टी एकाच लेखणीनें काढल्या जातात. एकदां कागदावर छापल्या कीं पाहिलेलें कोणतें, तर्कानें भरलेलें कोणतें आणि केवळ इच्छिलेलें कोणतें, याचा मागमूस राहत नाहीं.

अक्साई चीनचेंच उदाहरण घेऊं. 1865 सालीं हिंदुस्थानच्या मोजणी खात्यांतील डब्ल्यू. एच. जॉन्सन हा लेहहून खोतानास गेला. खोतानच्या अधिपतीचें त्यास आमंत्रण होतें, पण सरकारची परवानगी नव्हती, व त्याबद्दल पुढें त्यास ठपका मिळाला. त्यानें काढलेल्या नकाशांत तें उजाड पठार काश्मीरच्या महाराजांच्या राज्यांत पडलें, आणि 1868 च्या काश्मीरच्या नकाशांत ती रेषा छापली गेली. त्याच्या मोजणींत चुका असल्याचें पुढें त्याच्याच खात्यास आढळून आलें. नोकरी सुटल्यावर कांहीं वर्षांनीं हाच गृहस्थ महाराजांच्या पदरीं लडाखचा वजीर झाला. एवढ्यावरून त्यानें लबाडी केली असें म्हणणें अन्यायाचें होईल. सोळा-सतरा हजार फूट उंचीच्या त्या ओसाड मुलखांतून जाणें हेंच मोठें धाडस होतें. शिवाय त्या सुमारास महाराजांची चौकी शाहिदुल्ला येथें खरोखरच बसली होती. परंतु धाडसी प्रवाशानें काढलेली रेषा म्हणजे दोन राज्यांनीं मिळून ठरविलेली हद्द नव्हे.

पुढील इतिहास याहून बोलका आहे. 1897 सालीं लंडनच्या लष्करी हेरखात्याचे प्रमुख सर जॉन आर्डा यांनीं, रशियाच्या भीतीनें, हद्द पार कुनलुन पर्वतापर्यंत न्यावी असें सुचविलें. 1899 सालीं पेकिंग येथील ब्रिटिश वकील सर क्लॉड मॅक्डोनल्ड यांनीं चीन सरकारपुढें निराळीच रेषा ठेविली व अक्साई चीनचा बराचसा भाग पलीकडे सोडला. चीननें त्यास उत्तरच दिलें नाहीं. या दोन वर्षांत डोंगर जागचे हलले नव्हते. धोरण तेवढें हललें होतें. यांपैकीं आपल्यास सोयीची रेषा निवडावी आणि दुसरी खोटी ठरवावी, याला इतिहासाचा अभ्यास म्हणत नाहींत.

मग जुन्या नकाशांत विश्वास ठेवण्याजोगें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे. कुमाऊंतील मिलम गांवचा शाळामास्तर नैनसिंह हा 108 ऐवजीं 100 मण्यांची जपमाळ घेऊन तिबेटांत शिरला. दर शंभर पावलांस तो एक मणी ओढी. 2,000 पावलांचा त्याचा एक मैल होई. टिपणें प्रार्थनाचक्रांत दडविलेलीं असत, आणि पाणी किती उष्णतेस उकळतें यावरून तो स्थळाची उंची ठरवी. 1866 च्या जानेवारींत तो ल्हासास पोंचला. 1877 सालीं लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीनें त्यास सुवर्णपदक दिलें. त्यानें मोजलेल्या अंतरावर आपण भरंवसा ठेवितों तो पदकामुळें नव्हे; तें अंतर कसें मोजलें हें आपल्यास ठाऊक आहे, म्हणून ठेवितों. हाच प्रश्न प्रत्येक सरहद्दीच्या रेषेस विचारला पाहिजे.

स्वातंत्र्यानंतरही प्रथम आपल्या सरकारी नकाशांत या भागांतील सीमा अनिश्चित म्हणूनच दाखविलेली असे. 1954 सालीं पंडित नेहरूंच्या सूचनेवरून ते नकाशे बाजूस सारून ठाम रेषेचे नवे नकाशे काढण्यांत आले. अनिश्चिततेची प्रामाणिक कबुली पुसली गेली. पण त्या रेषेवर पहारा मात्र बसला नाहीं. त्याच पठारावरून जाणारा रस्ता पुरा झाल्याचें 1957 सालीं चीननेंच जाहीर केलें. 1962 सालीं काय झालें तें सांगावयास नको. चीनचा पक्षही या बाबतींत निर्मळ नाहीं: 1956 च्या नकाशांतील त्याची रेषा 1960 च्या नकाशांत आणखी पुढें सरकली. कागद दोहों बाजूंस सारखाच निमूटपणें सोसतो.

कोणी म्हणेल, अशा शंका काढणें म्हणजे शत्रूच्या हातांत कोलीत देणें होय. हा आक्षेप देशप्रेमाचा दिसतो, पण व्यवहाराचा नाहीं. गांवच्या शिवेचा तंटा निघाला तर शहाणे लोक केवळ कागदावर निकाल देत नाहींत. सारा कोणीं भरला, कुरण कोणीं राखलें, शेजारी काय सांगतात, हें सर्व पाहतात. येथेंही कुरणें, व्यापाराच्या वाटा, करवसुली आणि लडाख-तिबेट यांमधील 1842 चा करार, हा खरा पुरावा आहे. तो करारही जुन्या हद्दी पाळावयास सांगतो, पण त्या कोठून जातात हें सांगत नाहीं. म्हणूनच तो नीट अभ्यासावा लागतो. ज्यास आपल्या हक्काची खात्री आहे, त्यानें उलटतपासणीस भ्यावयाचें कारण काय?

आमची मागणी लहानच आहे. जुना नकाशा जो कोणी छापील, त्यानें त्याखालीं चार गोष्टी लिहाव्या: तो कोणत्या सालचा, कोणीं काढला, काढणारा त्या जागीं स्वतः गेला होता कीं नाहीं, आणि दुसऱ्या बाजूनें ती रेषा कधीं मान्य केली होती काय. एवढें वाचूनही जो बोट रेषेवर ठेवील, त्याच्याशीं वाद घालावयास आम्हांस आनंदच वाटेल.