शांती कोणाच्या आत्म्यास?

आपल्या समाजात कोणी निवर्तले की आपण सवयीने लिहून जातो, 'मृतात्म्यास शांती लाभो.' लिहिणाऱ्यास त्रिशरण-पंचशील मुखोद्गत असते. परंतु ज्या धम्मात आत्म्यालाच स्थान नाही, त्याच्या अनुयायाने ही शांती कोणासाठी मागावी? आमच्या मते हा निव्वळ शब्दांचा वाद नव्हे.

फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने १६४१ च्या ग्रंथात मन व शरीर ही दोन भिन्न द्रव्ये मानली. १६४३ साली बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिने त्याला पत्राने विचारले, की जे मन जडच नाही ते शरीरास हलविते कसे? तिचे समाधान होईल असे उत्तर त्याला देता आले नाही. भदन्त नागसेनांनी मात्र त्यापूर्वी कित्येक शतके मिलिंद राजाला रथाचा दृष्टान्त दिला होता. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि या साऱ्यांहून वेगळा असा रथही नाही. तद्वत रूप, वेदना, संज्ञा, संस्कार व विज्ञान या पाच स्कंधांहून निराळा 'मी' नाही.

वैद्यकीय व्यवसायात आम्हांस याचा प्रत्यय वारंवार येतो. थायरॉइड ग्रंथीचा स्राव कमी पडला की हसतमुख माणूसही खिन्न होऊ शकतो. मेंदूच्या पुढील भागास इजा झाली की स्वभाव पालटू शकतो. तरीही घरातील कोणाला नैराश्याने ग्रासले, तर आपण ते चारचौघांपासून लपवितो आणि 'पूर्वजन्मीचे भोग' म्हणून गप्प बसतो.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त त्यांनी त्यात नाकारला. कारण त्या सिद्धान्ताच्या आडून दीनदुबळ्यांच्या स्थितीची जबाबदारी समाजाला झटकता येते. ज्या तर्काने आपल्या पूर्वजांचे गावकुसाबाहेरचे जिणे न्याय्य ठरविले, तोच तर्क आज आपण आपल्या आजारी लेकीसुनांना लावावा काय?

शोकाकुल कुटुंबास त्या वाक्याने धीर येतो, हे आम्ही जाणतो. परंतु 'भावपूर्ण आदरांजली' एवढ्या शब्दांतही तेवढीच माया मावते. कारणांनी जे घडले ते कारणे पालटताच पालटते, हे प्रतीत्यसमुत्पादाचे सार आहे. रुग्णाची आशाही त्यातच आहे. म्हणून गेलेल्यांच्या आत्म्याची चिंता सोडून, घरात जो अबोल होऊन बसला आहे त्याला वेळीच डॉक्टरांकडे न्यावे, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!