साहस कोणाचे आणि कशासाठी?

पुणे-सोलापूर रस्त्यावरील लोणी काळभोर आज तेलाच्या टाक्या आणि टँकरच्या रांगा यांमुळे ओळखले जाते. परंतु ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या वाचकाला हा परिसर निराळ्या कारणाने परिचित आहे. शेजारच्या थेऊरला १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थोरल्या माधवरावांचा अंत झाला. रणजित देसाईंची ‘स्वामी’ तेथेच संपते. १८०२ साली यशवंतराव होळकरांच्या फौजेचा तळ लोणी-हडपसरच्या दरम्यान पडला आणि २५ ऑक्टोबरला, ऐन दिवाळीत, पेशवे व शिंदे यांचा पराभव झाला. हेच यशवंतराव ना. सं. इनामदारांच्या ‘झुंज’चे नायक.

अशा कादंबऱ्यांना ‘सरंजामी’ म्हणून नाक मुरडण्याची सवय आपल्यातील काहींना आहे. ती चुकीची आहे. सोळा-सतरा वर्षांच्या वयाला साहस हवेच असते. ते आपण दिले नाही, तर इतिहासाच्या नावाने जातीचा आणि धर्माचा अहंकार चेतवणारे देतात. गावोगावच्या मिरवणुकांतून हे रोज दिसत आहे.

तेव्हा प्रश्न वाचावे की नाही हा नसून, काय वाचावे आणि कसे वाचावे हा आहे. हडपसरच्या विजयानंतर पुण्याची रयत खंडणीखाली भरडली गेली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. फौजांची लुटालूट आणि हुकलेला पाऊस यांमुळे १८०३-०४ मध्ये दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. घोडदौडीचा थरार अनुभवणाऱ्या मुलाने घोड्यांची वैरण कोणाच्या शेतातून आली, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न ज्यांच्या पानांतून आपोआप उमटतो, अशा कादंबऱ्या मराठीत आहेत. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ शतकाहून जुनी असली, तरी तिच्यातील रहस्य आजही वाचकाला खिळवून ठेवते. जुलमी सत्तेविरुद्धचा असंतोष कसा संघटित होतो, हे तिच्यात दिसते. गो. नी. दांडेकरांच्या ‘बया दार उघड’पासूनच्या पाच शिवकालीन कादंबऱ्यांत सामान्य माणसे पुढे येतात, राज्य केवळ राजा घडवीत नाही, हे मुलांना त्यांतून उमगते.

आणि अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ तर प्रत्येक तरुणाच्या हाती पडावी. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या आणि १९६१ साली राज्य शासनाचे पारितोषिक मिळालेल्या या कादंबरीचा नायक मांग समाजातील आहे. दुष्काळात माणसे अन्नावाचून मरू लागली, तेव्हा तो लूट करतो, ती भुकेल्यांसाठी. शेवटी आपल्या माणसांच्या सुटकेसाठी तो स्वतःहून सरकारच्या स्वाधीन होतो. एका साहसाने रयतेच्या पोटावर पाय येतो, दुसरे त्या पोटासाठीच घडते. हा भेद कळणे हे खरे इतिहासशिक्षण होय.

प्रत्येक शाखेने आपल्या कचेरीत पुस्तकांचे एक कपाट ठेवावे. त्यात ‘स्वामी’ आणि ‘झुंज’ असाव्यात. त्यांना लागूनच ‘फकिरा’ असावी. पुस्तक परत करणाऱ्या मुलाला कार्यकर्त्याने एवढेच विचारावे : या पराक्रमाची किंमत कोणी मोजली? या प्रश्नाचे उत्तर शोधणारा तरुण कोणाच्याही मिरवणुकीत सहजासहजी ओढला जाणार नाही.