उत्पन्न किती लिहू?

आपल्या हातातल्या या अंकाचे फर्मे ज्यांनी घडी घालून जुळवले, त्यांत बांधणीखात्यातल्या एक मावशी आहेत. गेली अकरा वर्षे आमचा अंक त्यांच्या हाताखालून जातो. श्रावण सरता सरता काम सुरू होते, नवरात्रात रात्री जागवाव्या लागतात आणि वसुबारसेच्या आधी शेवटचा गठ्ठा बाहेर पडला की त्यांचे हात रिकामे होतात. पुन्हा काम दिसते ते थेट उन्हाळ्यात, वह्या-पुस्तकांच्या हंगामात. मोबदला नगावर. काम असेल त्या महिन्यात पैसा, नसेल त्या महिन्यात उसनवारी.

यंदा अंकाच्या धांदलीतच त्या एक अर्ज घेऊन टेबलाशी आल्या. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला काढायचा होता. नाव, पत्ता, आधार क्रमांक सगळे भरून झाले होते. एकच रकाना कोरा होता.

“सर, उत्पन्न किती लिहू?”

“किती आहे?” मी विचारले.

“तसं नाही सर. रेशनला एक लिहिलंय. लाडक्या बहिणीला कार्ड दाखवलं, तिथं दाखला मागितलाच नाही. कॉलेजचं वेगळं असतं म्हणतात. यात किती चालतं?”

यंदाचे संपादकीय या एका प्रश्नावर लिहायचे, हे तेव्हाच ठरले. मावशी खोटे बोलणाऱ्या बाई नाहीत. एका फर्म्याचा हिशेब चुकून जास्त लागला तर स्वतः येऊन सांगणाऱ्या आहेत. पण सरकारच्या दारात ‘आहे किती’ यापेक्षा ‘चालतं किती’ हे आधी माहीत असावे लागते, हे त्या अनुभवाने शिकल्या आहेत. दाखला काढायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न येतो तो ‘कशासाठी हवाय?’ हा. आकडा त्यानंतर ठरतो.

आणि ते तसे होण्याला कारण आहे. एकच घर आपल्याकडे किती वेगवेगळ्या रेषांनी मोजले जाते ते पाहा. रेशनच्या प्राधान्य यादीत बसायचे तर घराचे वार्षिक उत्पन्न शहरात ५९ हजारांच्या आणि खेड्यात ४४ हजारांच्या आत हवे. लाडकी बहीण योजनेला मर्यादा अडीच लाखांची. पिवळे किंवा केशरी कार्ड असेल तर दाखलाही नको. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या दहा टक्के आरक्षणाला आठ लाख. इतर मागासवर्गीयांच्या नॉन-क्रीमी लेयरलाही आठ लाख, पण तिथे पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत. दुर्बल घटकांच्या दाखल्यात मात्र दोन्ही धरतात. वर्षाला सात लाख मिळवणारे घर एका खिडकीत ‘दुर्बल’ ठरते, आणि साठ हजार मिळवणारे शहरी घर दुसऱ्या खिडकीत ‘सक्षम’. या आकड्यांमागे राजकारण आहे, न्यायालयांचे निकाल आहेत, त्या त्या वेळची निकड आहे. पण चूल एकच असलेल्या घराने या सगळ्या खिडक्यांत खरे तरी काय सांगायचे?

यातल्या रेशनच्या रेषेपाशी थोडे थांबले पाहिजे, कारण ती थेट ताटापर्यंत येते.

महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तीन रंगांची कार्डे आली. पंधरा हजारांपर्यंत पिवळे, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि वर पांढरे. पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा आला, राज्यात तो फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला आणि ४४ व ५९ हजारांची मर्यादा आली. केशरी कार्डाचे त्यामुळे दोन तुकडे पडले. काही केशरी प्राधान्यात गेली, उरलेली बाहेर राहिली. कार्डाचा रंग तोच, कपाटातली जागा तीच, पण एकाला माणशी पाच किलो धान्य आणि दुसऱ्याला काही नाही. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ मिळाला, तेव्हा हा फरक गल्लोगल्ली कळला. केशरी कार्ड घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना पॉस मशीनपाशी पोचल्यावर समजले, की आपले कार्ड ‘एनपीएच’ आहे, प्राधान्यात नाही. पिशवी घडी करून परत. आमच्याच गल्लीतल्या दुकानासमोर मी हे पाहिले आहे. शेजारणीच्या पिशवीकडे न बघता घरी निघालेल्या बाईचा चेहरा विसरता येत नाही.

आता त्या ४४ हजारांचा हिशेब करू. पाच माणसांच्या घरात हे माणशी दिवसाला २४ रुपये होतात. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने २०११-१२ साठी काढलेली ग्रामीण दारिद्र्यरेषा देशपातळीवर माणशी महिना ८१६ रुपये, म्हणजे दिवसाला सुमारे २७ होती, आणि तीही फार खाली आहे म्हणून देशभर संताप झाला होता. आपली मर्यादा तिच्याही खाली आखली गेली आणि पुढची दहा वर्षे उलटून गेली तरी तिथेच राहिली. महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली. घरातल्या एकट्या माणसाने या दराने १४१ दिवस काम केले तर ४३,९९२ रुपये होतात. १४२ व्या दिवशी तो फावडे घेऊन गेला, की कागदोपत्री त्याच्या घराला धान्याची गरज उरत नाही. सरकारने स्वतः ठरवलेली मजुरी आणि सरकारने स्वतः ठरवलेली गरिबी यांचा असा मेळ बसत नसेल, तर दाखल्यावर खरा आकडा कोण लिहील? आणि खरा लिहिणाऱ्याला शिक्षा झाली, तर त्याच्या मुलांनी त्यातून काय शिकायचे?

त्यातही खरे दार उत्पन्नाचे नाहीच. ते आहे इष्टांकाचे. केंद्राने २०११ च्या जनगणनेवरून राज्याचा कोटा ठरवला. महाराष्ट्रासाठी तो सुमारे सात कोटी लोकांचा आहे, आणि त्याची वाटणी जिल्ह्याजिल्ह्यांत, तालुक्यातालुक्यांत झालेली आहे. नवी जनगणना झालेली नाही. मधल्या काळात जन्मलेली मुले, लग्न होऊन आलेल्या सुना, विभक्त झालेली घरे या आकड्यात नाहीत. म्हणून उत्पन्न मर्यादेच्या आत असूनही पुरवठा कार्यालयात उत्तर मिळते, ‘इष्टांक संपला आहे.’ कोणी मयत झाले, कोणी गाव सोडून गेले, कोणाचे नाव कमी झाले, की मगच जागा होते. एखाद्याच्या ताटातला भात दुसऱ्याच्या मरणावर अवलंबून राहावा, ही व्यवस्था मला मान्य नाही. कोणालाही नसावी.

गरिबीची रेषा आखण्याच्या विद्येत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर यांनी नीलकंठ रथ यांच्याबरोबर १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाला जगायला लागणाऱ्या उष्मांकांपासून सुरुवात करून, १९६०-६१ च्या भावांनी खेड्यात महिना १५ आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा त्यांनी मांडली. ती रेषा विचारत होती, की देशातले किती लोक पोटभर खाऊ शकत नाहीत? ती सरकारला जाब विचारण्यासाठी होती. तीच रेषा पुढे माणसाच्या दारात आणून ठेवली गेली आणि विचारले जाऊ लागले, की तू आत की बाहेर? मोजण्याची पट्टी वाटपाची सुरी झाली. माझ्या मते आपली खरी चूक इथे झाली.

दाखला न मागता गरजवंतापर्यंत पोचता येते, हेही याच राज्याने देशाला दाखवले आहे. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिथे उत्पन्न कोणी विचारत नव्हते. जो उन्हात खडी फोडायला तयार आहे त्याला काम, एवढाच नियम. ज्याला गरज नाही तो त्या उन्हात येतच नाही. तामिळनाडूत रेशनच्या तांदळासाठी उत्पन्नाची रेषाच ठेवलेली नाही. आपल्याकडेही महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आधी पिवळे-केशरी पाहत. आता ती सर्व रहिवाशांसाठी खुली केली आहे. जिथे मनावर घेतले, तिथे रेषा पुसता आली.

पैसा मर्यादित आहे, सगळ्यांना सगळे देता येणार नाही, हे मान्य. बंगल्यात पिवळे कार्ड असते आणि चारचाकीतून येऊन धान्य नेणारेही असतात, हेही खरे. त्यांची नावे कमी झालीच पाहिजेत. पण त्यासाठी बंगला आणि गाडी पाहावी. त्या गोष्टी डोळ्यांना दिसतात. नगावर काम करणाऱ्या बाईचे वर्षाचे उत्पन्न तलाठ्यालाही दिसत नाही आणि खुद्द तिलाही सांगता येत नाही. ज्या गोष्टीची नोंदच नाही तिचा दाखला मागत राहायचे आणि मग लोक खोटे लिहितात म्हणून बोट दाखवायचे, हा अन्याय आहे.

एक मागणी या अंकातून स्पष्ट करतो. सरकारी कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता जानेवारीत आणि जुलैत, वर्षातून दोनदा, भावनिर्देशांकावर ठरतो. ते योग्यच आहे. तोच निर्देशांक गरिबाच्या उत्पन्नमर्यादेला लावा. वर्षातून एकदा लावला तरी चालेल. आणि जनगणना होईपर्यंत इष्टांक अंदाजित लोकसंख्येवर वाढवून द्या. या दोन गोष्टींना नवी योजना लागत नाही, नवे नावही लागत नाही.

आपला दिवाळी अंक मंत्रालयात वाचला जातो, जिल्हाधिकारी कार्यालयांत वाचला जातो. तिथून पत्रे येतात म्हणून माहीत आहे. त्या वाचकांना ही विनंती हात जोडून. आणि घरी फराळाच्या ताटाशी हा अंक उघडलेल्या वाचकांना दुसरी. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना, वॉचमनकाकांना, इस्त्रीवाल्या दादांना दिवाळी देताना एवढे विचारा, की तुमचे रेशन चालू आहे का? कार्डावर मुलांची नावे चढली आहेत का? नसतील तर एक सकाळ त्यांच्याबरोबर पुरवठा कार्यालयात जा. शिकलेला माणूस शेजारी उभा असला, की खिडकीतून उत्तर जरा नीट मिळते.

मावशींच्या अर्जात आम्ही दोघांनी बसून बारा महिन्यांची बेरीज केली आणि आली तीच लिहिली. ती शिष्यवृत्तीच्या मर्यादेत बसली. रेशनच्या मर्यादेत बसत नाही.