भंगारातले मराठी यंत्र

मागच्या उन्हाळ्यात जळगावला एका भंगारवाल्याकडे कूलरचा पंखा शोधायला गेलो होतो. पंखा काही मिळाला नाही, पण लोखंडी खाटांच्या ढिगाखाली एक टंकलेखन यंत्र दिसले. गोदरेजचे, मराठी कळफलकाचे. दुकानदाराने ते काट्यावर ठेवले आणि लोखंडाच्या भावाने पैसे सांगितले. वर म्हणाला, "भाऊ, इंग्रजी असतं तर या भावात देलं नसतं. मुंबईचे लोक घेऊन जातात. मराठीले कोन विचारतं!"

तो म्हणाला ते खोटे नाही. जुनी टंकलेखन यंत्रे जमवण्याचा छंद आता आपल्याकडेही रुजला आहे. दिवाणखान्यात, हॉटेलच्या दर्शनी भागात एखादे काळेभोर रेमिंग्टन ठेवले की घराला जुनेपण येते, अशी समजूत आहे. परदेशातल्या संग्राहकांची झेप अर्थातच मोठी. अमेरिकेत 1874 मध्ये बाजारात आलेले शोल्स आणि ग्लिडन यांचे यंत्र हे त्यांचे दैवत. त्यावर फुलापानांची नक्षी असे आणि अक्षरे फक्त मोठ्या लिपीतली उमटत. ते दुर्मीळ आहे हे मान्य. पण जळगाव-धुळ्याच्या माणसाने दुर्मीळ कशाला म्हणायचे, हे त्या याद्या पाहून ठरवायचे कारण नाही. माझ्या मते आपल्याकडचे दुर्मीळ यंत्र मराठी कळांचे आहे, आणि तेच सध्या सर्वांत स्वस्तात वितळायला चालले आहे.

हे यंत्र घडवणे सोपे नव्हते. इंग्रजीची सव्वीस अक्षरे कळफलकावर ऐसपैस बसतात. आपली बाराखडी, जोडाक्षरे, रफार, वेलांट्या हा सारा संसार तेवढ्याच चाळीस-पंचेचाळीस कळांत कोंबायचा होता. मग अक्षरेच मोडावी लागली. 'ख', 'ण', 'श' यांची अर्धी रूपे घेतली आणि त्यांना पुरे करणारा काना वेगळ्या कळीवर ठेवला. ऱ्हस्व वेलांटी आपण हाताने लिहिताना अक्षरानंतर देतो, यंत्रावर ती आधी मारायची. उकारासारखी चिन्हे उमटली तरी गाडी जागची हलायची नाही, नाहीतर तो शेजारच्या अक्षराला लागायचा! यंत्र लिपीला जुळेना, तेव्हा लिपीच यंत्राला जुळवून घ्या, असे म्हणणारेही निघाले. सावरकर आणि काका कालेलकर यांच्या लिपिसुधारणेमागे छपाईबरोबर हीही अडचण होती. आज संगणकावर 'रेमिंग्टन' नावाने जी मराठी कळरचना मिळते, ती याच यंत्रांची देणगी.

आणि या यंत्राने आपल्या घरांना काय दिले ते कोणत्याही संग्राहकाच्या यादीत नसते. मॅट्रिक झाले की मुलाला, आणि पुढे मुलीलाही, टायपिंगच्या क्लासला घालायचे, ही मध्यमवर्गाची ठरलेली रीत होती. मराठी तीस, मराठी चाळीस, इंग्रजी चाळीस ही मिनिटाला किती शब्द त्याची मोजणी. पण लग्नाच्या बोलण्यात ती शिक्षणासारखी सांगितली जाई. त्या प्रमाणपत्रावर लोक कचेरीत, कोर्टात, जिल्हा परिषदेत लागले. कोर्टाबाहेर झाडाखाली यंत्र मांडून अर्ज टाइप करून देणाऱ्यांनी संसार उभे केले. गेल्या दशकात त्या परीक्षा संगणकाकडे वळल्या. गोदरेजने 1955 मध्ये सुरू केलेले टंकलेखन यंत्रांचे उत्पादन 2009 मध्ये थांबवले होतेच. म्हणजे आहेत ती यंत्रे हीच शिल्लक.

त्याच 2009 सालच्या डिसेंबरात न्यूयॉर्कला एक लिलाव झाला. कॉर्मॅक मॅकार्थी या अमेरिकन कादंबरीकाराचे ऑलिव्हेट्टी यंत्र 2 लाख 54 हजार 500 डॉलरना गेले. खरे तर ते अगदी साधे यंत्र. त्याच जातीचे दुसरे यंत्र त्यांच्या मित्राने त्यांना वीस डॉलरच्या आत आणून दिले होते. मधला फरक कशाचा? यंत्रावर सुमारे पाच दशके कोणी, काय लिहिले, एवढाच. आपल्याकडे मुंबईच्या चंद्रकांत भिडे यांनी बँकेतल्या हाल्डा यंत्रावर नुसत्या अक्षरांनी माणसांची चित्रे काढली, आर. के. लक्ष्मण यांचा 'कॉमन मॅन'सुद्धा काढला. निवृत्त होताना बँकेने त्यांना ते यंत्र एक रुपयाला दिले. त्या रुपयात बँकेने यंत्र तर वाचवलेच, पण कोणाच्या हातातले यंत्र हेही वाचवले.

हे धुळ्याच्या लोकांना मी काय सांगावे? इतिहासाचार्य राजवाडे गावोगावचे वाडे पालथे घालून दप्तरे गोळा करत होते, तेव्हा लोकांच्या लेखी तो कचराच होता. 1926 च्या शेवटच्या दिवशी ते धुळ्यात गेले आणि काही दिवसांत, जानेवारी 1927 मध्ये, तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. जुना कागद कोणत्या घरातला, कोणाच्या हातचा, हे कळले तर त्याचे साधन होते. नाहीतर ती रद्दी. यंत्रांचेही तेच. म्हणून संग्राहकांवर माझा राग आहे तो ते यंत्रे घेतात म्हणून नाही, तर घासूनपुसून, रंग देऊन, मागची खूण पुसून टाकतात म्हणून. त्यातही कळा उपटून त्यांच्या अंगठ्या आणि बटणे करणाऱ्यांविषयी तर न बोललेलेच बरे.

कोणाच्या घरी माळ्यावर असे यंत्र असेल, तर ते विकण्याआधी एक कागद घ्यावा आणि त्यावर लिहावे : कोणी घेतले, कुठे वापरले, कोणती कळ अडकायची, त्याच्या जोरावर कोणाचे शिक्षण झाले. तो कागद यंत्राच्या पोटात चिकटवून टाकावा. कचेऱ्यांनी यंत्रे निर्लेखित करताना जडवस्तूंच्या नोंदवहीतली एक ओळ उतरवून दिली, तरी पुष्कळ होईल.

मी आणलेल्या यंत्राच्या पाठीवर पांढऱ्या रंगात एक आकडा आहे. त्याच्या आधीचे कचेरीचे नाव खरवडून काढले आहे. भंगारवाल्याला आठवत नाही. त्याच्याकडे ते तिसऱ्या हाताने आले. तेल घालून, नवी रिबन चढवून मी ते चालू केले. शेजारचे एक निवृत्त काका आवाज ऐकून आले. चष्मा लावला नाही, कळांकडे पाहिलेही नाही. गाडी उजवीकडे सरकवली, आणि खाट्-खाट् करत कागदावर उमटले : 'प्रति, मा. जिल्हाधिकारी. विषय :'. मग बोटे थांबली. विषय काय घालायचा, म्हणून ते माझ्याकडे पाहू लागले.