टांकसाळीची डबी आणि आजीची मोड

१९९२ च्या पावसाळ्यात मी जव्हारच्या एका बँकशाखेत अधिकारी होतो. एके सकाळी मोखाड्याकडची एक आजी मोड देऊन बंदी नोट घ्यायला आली. पदराची गाठ सोडून तिने काउंटरवर नाणी ओतली आणि म्हणाली, ‘मोजून घे, दादा.’ त्या ढिगात १९७४ सालचे एक ॲल्युमिनियमचे दहा पैसे होते. त्यावरचे कुटुंबाचे चित्र जवळजवळ पुसून गेले होते. नियोजित कुटुंब आणि सर्वांना अन्न, हा संदेश द्यायला ते नाणे पाडलेले होते. तोच संदेश देणारे नवेकोरे नाणे माझ्या घरी मखमली डबीत होते.

आधुनिक नाणी जमवणाऱ्याला टांकसाळीच्या संचाचे अप्रूप असते, आणि ते रास्तच आहे. प्रूफ नाण्यासाठी चकती व ठसा दोन्ही घासून चकचकीत करतात आणि एकाहून अधिक वेळा ठसा मारतात. सालाखालची चौकटीसारखी खूण मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा; काहीच नसेल तर ते कोलकात्याचे. असे नाणे कडेने धरावे, कारण बोटांच्या घामाचा डाग कायमचा बसतो. पीव्हीसीच्या मऊ पिशवीत ठेवले तर कालांतराने हिरवट, चिकट थर चढतो. चिंच किंवा राख लावून घासणे तर वर्ज्यच. जव्हारच्या पावसाळी दमटपणात मी डबीजवळ सिलिका जेलच्या पुड्या ठेवीत असे आणि त्या वेळोवेळी बदलीत असे.

भारताची सत्तरच्या दशकातली स्मारक नाणी या संचांची शान आहेत. राष्ट्रसंघाच्या अन्न व शेती संघटनेच्या मोहिमेत आपले सरकारही सामील होते. १९७० साली ‘सर्वांसाठी अन्न’ या अर्थाचे वीस पैसे निघाले, दहा रुपयांचे चांदीचे नाणेही निघाले. १९७३ मध्ये ‘अधिक धान्य पिकवा’, १९७६ मध्ये ‘सर्वांना अन्न आणि काम’. चांदीचे नाणे संग्राहकांकडे गेले; वीस पैसे, दहा पैसे मात्र बाजारात फिरले आणि फिरत फिरत मोखाड्यालाही पोचले.

अन्न मात्र पोचले नाही. ती आजी आली त्याच वर्षी जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावू लागली आणि १९९३ पर्यंत त्या गावांची नावे राज्यभर झाली. मंत्र्यांचे दौरे झाले, नव्या योजना आल्या. तरीही २०१६ साली मोखाड्याचे नाव त्याच कारणासाठी पुन्हा वर्तमानपत्रांत छापून आले. नागली-वरईचा साठा पावसाळ्यात संपतो, दिवाळीनंतर घरेच्या घरे वीटभट्टीच्या वाटेला लागतात. पोर कुठल्या अंगणवाडीच्या पटावर आहे, हा प्रश्न मग वाटेतच राहतो.

म्हणून छंद सोडावा, असे मी म्हणणार नाही. उलट संग्रह अपुरा आहे, असे माझे म्हणणे आहे. आपण संग्राहक न हाताळलेल्या नाण्याला किंमत देतो आणि झिजलेले नाणे मोडीत काढतो. न हाताळलेल्या नाण्यावरून राज्यकर्त्यांनी काय म्हटले ते कळते. ते कोणाच्या हाती पडले आणि किती दिवस पुरवून वापरले गेले, हे झिजलेलेच सांगते. इतिहासाला दोन्ही साक्षी लागतात.

३० जून २०११ पासून पंचवीस पैसे व त्याखालची नाणी चलनातून गेली. आजच्या शाळकरी पोरांनी दहा पैसे पाहिलेलेही नाहीत. जव्हार-मोखाड्यातल्या प्रत्येक आश्रमशाळेत काचेखाली एक तबक ठेवावे. त्यात टांकसाळीचा एखादा संच असावा आणि शेजारी पालकांच्या घरांतून आलेली झिजकी नाणी असावीत. खर्च फारसा नाही. मुलांनी घोषवाक्ये वाचावीत आणि गुरुजींना विचारावे की हे खरे झाले का. हा प्रश्न गुरुजींना अडचणीचा वाटेल, साहेबांना अधिकच. पण तो त्या मुलांनीच विचारायला हवा.

आजीचे ते नाणे मी पदरचे दहा पैसे भरून ठेवून घेतले. आज ते त्याच मखमली डबीत, कोऱ्या नाण्याला लागून आहे. संग्राहक मित्र म्हणतात, त्याने संचाची किंमत उतरली. उतरली असेल, पण मी ते काढणार नाही.